आई जागी आहे का रे?

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी फिदीफिदी केलेलं मला चालत नाही.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची आहे. शेजारणीच्या मामाच्या मित्राची नाही. माणूस धडधाकट आहे, कमरपट्ट्यांचा कारखाना चालवतो, रोज दाढी करतो. निम्मं त्यानं माझ्यापाशी बसून सांगितलं. उरलेलं घडलं तेव्हा मी त्याच्याच स्वयंपाकघरात उभी होते.

आणि हो... रात्रीची वाट बघत बसू नका.

हे सगळं दुपारी झालं. जेवणं आटोपलेली, खिडक्या उघड्या, फरशीवर उन्हाचे चौकोन पडलेले. अशा वेळी.

धाकट्याचा कारखाना म्हणजे शिवणयंत्रांची एक रांग, चामडं कापायचं एक लांब टेबल, आणि काचेची एक केबिन. त्या केबिनमध्ये तो साहेब होऊन बसतो. गेल्या साली त्याला परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं. झालं! आधी बूट बदलले, मग फोनवरचा आवाज बदलला, आणि मग म्हणे हातात घड्याळ हवं. साधंसुधं नाही. मोठ्या नावाचं, एकाच वेळी दोन देशांच्या वेळा दाखवणारं.

नवं घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून वापरलेलं बघायला गेला.

दुकान असं, की बेल वाजवल्याशिवाय दार उघडत नाही. घड्याळवाला म्हातारा, एका डोळ्याला भिंग. त्यानं मखमलीच्या तुकड्यावर घड्याळ ठेवलं आणि धाकट्याचा जीवच अडकला त्यात.

जड पोलादी साखळी. काळी डायल. नेहमीचे काटे होतेच, पण त्यांच्यासोबत आणखी एक बारीक लाल काटा, टोकाला बाण असलेला. नेहमीचे काटे तुम्ही जिथं आहात तिथली वेळ सांगतात. लाल काटा, जिथं तुमचं मन असतं तिथली. हे घड्याळवाल्याचे शब्द, माझे नव्हेत. विकणारे असंच बोलतात.

"कुणाचं होतं हे?" धाकट्यानं विचारलं.

"बाहेरच्या देशातून जुना माल येतो, त्यातलं. मालक कोण ते आम्हाला कळत नाही. पण एक सांगू का साहेब? माझ्या हातात आलं तेव्हा लाल काटा बरोब्बर आपल्या इथल्या वेळेवर होता. ज्याचं होतं त्याचं कुणीतरी इकडं असणार."

धाकटा हसला. "माझं काही तिकडं कुणी नाही बुवा."

"मग लाल काटा कुठल्या वेळेवर लावू?"

आता, याचं गिऱ्हाईक एका देशात. पण याच्या तोंडून निघालं भलतंच. इथून इतके तास मागे, असं तो सांगून मोकळा झाला. बोटं न मोजता. पाठ असल्यासारखं.

ती वेळ होती थोरल्याच्या गावची.

थोरला म्हणजे आमचा दादा, भावंडांत सगळ्यांत मोठा. तरुणपणी परदेशी गेला तो तिकडचाच झाला. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याचं काम करायचा. रात्रभर चादरी. धुवायच्या, पिळायच्या, गरम रुळांखालून काढायच्या. पहाटे सुटला की झोपायच्या आधी घरी फोन करायचा. तेव्हा इथं दुपार झालेली असायची.

आमची आई अंथरुणाला खिळलेली. पाय गेले, हात चालतात, आणि तोंड तर विचारू नका. तिचं सगळं धाकटा आणि भावजय करतात. उठवणं, बसवणं, औषधं, कूस बदलणं. खोटं कशाला बोलू, जीव ओतून करतात. पण आईचं कसं? धाकट्यानं दूध दिलं तर ते गार. उशी दिली तर ती टणक. आणि थोरल्याचा फोन आला की आवाजात साखर. "जेवलास का रे माझ्या राजा?"

फोन हॉलमध्ये. आई आतल्या खोलीत. मग उचलायचा कुणी? तर धाकट्यानं.

एका दुपारी चादर बदलताना आई त्याला काहीतरी लागेल असं बोलली. काय ते त्यानं मला सांगितलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून थोरला खाकरला. बोलायच्या आधी घसा साफ करायची त्याची सवयच होती. मग अगदी हळू, जणू इथं कुणाची झोपमोड होईल...

"छोट्या, आई जागी आहे का रे?"

आई जागी होती. आत तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"झोपली आहे," धाकटा म्हणाला.

बस्स. एवढंच.

"बरं बरं. झोपू दे. मीच भलत्या वेळी करतो."

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं जरा उशिरा केला. झोपली आहे. मग आणखी उशिरा. आत्ताच डोळा लागला बघ. मग म्हणे कामावर जायच्या आधी, लवकर उठून केला. तेव्हाही झोपलेली! कधीतरी आईनं फारच हट्ट धरला की धाकटा फोन आत नेऊन बोलू द्यायचा. मग पुन्हा तेच.

थोरला कधी चिडला नाही. दर वेळी तोच माफी मागायचा.

आणि एक दिवस तिकडून दुसऱ्याच माणसाचा फोन आला.

थोरला गेला होता. तळघराच्या जिन्यावरून पडला.

त्याच्यासोबत काम करणारा सांगत होता, "बरेच दिवस धड झोपत नव्हता हो. कधीही उठून फोन लावत बसायचा. उभ्या उभ्या डुलकी लागायची त्याला."

हे शेवटचं धाकट्यानं आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. गिळून टाकलं.

सगळं तिकडच्या तिकडं उरकलं. सामानातलं काही आलं नाही. आईला कळवायचं नाही असं ठरलं, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का सोसणार नाही. मी म्हटलं होतं, सांगून टाका. पोटचा मुलगा गेला ते आईला कळवायचं नाही म्हणजे काय! पण मी लग्न होऊन गेलेली, माझं कोण ऐकतं? आईला सांगितलं, दादाला नवी नोकरी लागली, फोन करायला फुरसत मिळत नाही.

आईनं नुसती मान हलवली.

तर अशा माणसाच्या मनगटावर ते घड्याळ आलं.

पहिले काही दिवस नुसता मिरवला. बाही वर सारून सारून चहा प्यायचा. भावजय म्हणाली, "दोन-दोन वेळा हातात घेऊन हिंडता, जेवायला मात्र एकाही वेळेवर येत नाही."

मग एका दुपारी केबिनमध्ये बसला असताना त्याची नजर सहज मनगटावर गेली...

नेहमीचे काटे भलत्याच आकड्यांवर होते.

थोरल्याच्या गावची वेळ.

आणि लाल काटा... बरोब्बर इथल्या दुपारवर.

म्हणजे उलटं. जणू घड्याळ घालणारा तिकडं आहे, आणि त्याचं मन इकडं.

त्यानं चावी ओढली, काटे जागच्या जागी केले. दुसऱ्या दुपारी पुन्हा उलटे. तिसऱ्या दुपारी घड्याळ घेऊन तडक दुकानात गेला. घड्याळवाल्यानं मागचं झाकण उघडलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"यंत्र ठणठणीत आहे साहेब. तुम्हीच झोपेत चावी फिरवत असाल."

"मी दुपारी झोपत नाही."

"मग दुसरं कुणीतरी फिरवत असेल," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला. धाकट्याला काही हसू आलं नाही.

तो कारखान्यात परत आला. यंत्रं चालू होती. केबिनचं दार लोटून तो खुर्चीत बसला...

आणि आवाज गेला.

काचेतून सगळं दिसत होतं. सुया खालीवर होत होत्या. बायका शिवता शिवता बोलत होत्या, ओठ हलत होते. पण खुट्ट म्हणून ऐकू येत नव्हतं.

चामड्याचा वाससुद्धा गेला. त्याच्या जागी दुसराच वास आला. साबणाचा. वाफेचा. गरम, ओलसर चादरींचा...

पाठीमागे कुणीतरी खाकरलं.

धाकट्यानं वळून पाहिलं. मागे भिंत होती.

एकदम यंत्रांचा खडखडाट कानावर आदळला. त्यानं घड्याळ काढून खिशात कोंबलं, घरी नेलं आणि हॉलमधल्या कपाटात कपड्यांच्या खाली खुपसून ठेवलं. भावजयीनं विचारलं, "का हो, उतरला का शौक?" तो म्हणाला, "जड होतंय."

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आला. भावजय औषधं आणायला बाहेर गेली होती. आईनं आतून पाणी मागितलं, त्यानं पेला नेऊन दिला. "भांडं जरा विसळत जा रे," आई म्हणाली. तो हॉलमध्ये येऊन बसला. आत आईच्या बांगड्या वाजत होत्या. मोरीतला नळ ठिबकत होता. डोक्यावर पंखा कुरकुरत होता.

आणि मग नळ थांबला...

पंखा थांबला. म्हणजे पाती फिरत होती. आवाज थांबला.

बांगड्या थांबल्या.

बंद कपाटातून कुणीतरी घसा साफ केला.

"छोट्या... आई जागी आहे का रे?"

आता तुम्ही म्हणाल, माणूस किंचाळला असेल, पळाला असेल. नाही. त्याच्या तोंडून काय निघालं ते ऐका. महिनोन्महिने जिभेला सवय लागलेली. विचार करायच्या आत जीभ बोलून गेली.

"झोपली आहे."

"बरं बरं. झोपू दे."

पंखा कुरकुरायला लागला. नळ ठिबकायला लागला. रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

बांगड्यांचा आवाज मात्र परत आला नाही.

धाकटा धावत आत गेला. आई उशीवर मान टाकून झोपली होती. हातात पेला तसाच, कलंडलेला. पाणी चादरीवर अजून पसरत होतं.

त्यानं हाक मारली. हलवलं. गालावर चापट्या मारल्या. आई उठली नाही.

डॉक्टर आले. नाडी चांगली, श्वास चांगला, रक्तदाब तर त्यांच्यापेक्षा बरा. "गाढ झोपल्यात. उठतील," म्हणाले. संध्याकाळ झाली, आई उठली नाही. सकाळ झाली, आई उठली नाही. तेव्हा डॉक्टरांचाही चेहरा बदलला. आज दुपारपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात हलवू, असं म्हणाले आणि भावजयीनं मला बोलावून घेतलं.

मी पोचले तर धाकटा हॉलमध्ये जमिनीवर बसलेला. दाढी वाढलेली. मी म्हटलं, "असा काय बसलास सुतकी तोंड करून? आई आहे अजून."

तर तो ढसाढसा रडायलाच लागला. आणि सगळं ओकला. पहिल्या दिवशीचं खोटं, नंतरची खोटी, जिन्यावर लागलेली डुलकी, कपाटातला आवाज.

मी कशाला गप्प बसते? "आई काय तुझ्या कारखान्यातला माल होती रे? कुणाला द्यायची नि कुणाला नाही, ते तू ठरवणार?"

"मी दिवसभर तिचं करायचो, ताई," तो म्हणाला. "आणि ती दिवसभर त्याची वाट बघायची."

मी म्हटलं, "दाखव ते घड्याळ."

त्यानं कपाटातून काढून माझ्या हातात दिलं. गार पडलं असेल असं मला वाटलं होतं. पण ते कोमट होतं. आत्ताच कुणीतरी मनगटावरून काढून दिल्यासारखं.

लाल काटा पाहिला आणि मी ते तसंच त्याच्या हातात परत कोंबलं.

कारण थोरल्यानं मला एकदा फोनवर सांगितलं होतं. "अगं, मला काही इकडच्या-तिकडच्या वेळांचा मेळ जमत नाही बघ. आईच्या झोपेच्या वेळीच नेमका फोन जातो. म्हणून घड्याळ घेतलंय. जुनंच आहे, पण भारी. दोन वेळांचं. आता नाही चुकायचो."

हे मी धाकट्याला सांगितलं. सांगायला नको होतं, असं त्याचं तोंड बघून वाटलं. मग मीच घाईनं म्हटलं, "दोन वेळांची घड्याळं जगात काय एकच असतात?"

तो म्हणाला, "ताई, तुम्ही दोघी स्वयंपाकघरात जा. आज मी त्याला खरं सांगतो."

आम्ही गेलो. भावजयीनं चहाचं आधण ठेवलं, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. मी ओट्याला टेकून उभी. आधण उकळायला लागलं, बुडबुडे वर आले...

पण खळखळ ऐकू येईना.

गॅसची ज्योत निळी जळत होती. तिचाही आवाज नाही. भावजय माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. मी "काय?" म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं नाही.

चहाच्या वाफेला साबणाचा वास होता.

हॉलमध्ये काय झालं ते धाकट्यानं नंतर सांगितलं.

घड्याळ त्याच्या मांडीवर होतं. खाकरणं ऐकू आलं, अगदी कानापाशी. आणि मग तेच...

"छोट्या... आई जागी आहे का रे?"

आता गंमत बघा. आज आई खरंच झोपली होती. खरं बोलायचं तर तेच शब्द बोलायचे. आणि ते बोलले तर तो पुन्हा "झोपू दे" म्हणणार.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "तेव्हा ती जागी होती. रोज जागी होती. तू कधीच वेळ चुकला नाहीस. मी... मीच देत नव्हतो तुला."

तो वाट बघत राहिला. शिवी येईल. रडणं येईल. निदान "बरं बरं" येईल.

काहीच आलं नाही.

फक्त एक लांब श्वास. फार वेळ उभा असलेला माणूस खाली बसताना सोडतो ना, तसा.

मग पंखा कुरकुरला. आमचा चहा भस्सकन उतू गेला. आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

"कुणाशी बोलतोस रे?"

आम्ही तिघंही दाराशी धावलो. आई टक्क जागी. डोळे स्वच्छ. "अगं बाई, तू कधी आलीस?" मला म्हणाली.

धाकटा उंबऱ्यातूनच म्हणाला, "आई... कधी जाग आली तुला?"

"मी कुठं झोपले होते?"

मग तिनं हात पुढं केला. "ते घड्याळ आण इकडं. कपाटात लपवून ठेवलं होतंस ते."

कपाटाचं तिला आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.

धाकट्यानं आणून दिलं. आईनं ते कानाला लावलं. ऐकत राहिली. मधेच मान हलवली. मधेच म्हणाली, "आणि मग?" एकदा खुदकन हसली. एकदा पदरानं डोळे पुसले. आम्ही तिघं दारात खांबासारखी उभी. कुणाला आत पाऊल टाकवेना.

बऱ्याच वेळानं तिनं घड्याळ उशीखाली ठेवलं.

"काय म्हणाला?" धाकट्याच्या तोंडून निसटलं.

आईनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. कसं, ते मला सांगता येत नाही.

"ते आमचं दोघांचं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घड्याळ आईपाशीच आहे. घड्याळवाला सांगतो, हे हाताच्या हालचालीवर चालतं, पडून राहिलं तर बंद पडायलाच हवं. उशीखाली ते चालतंय.

थोरला कसा आहे, नोकरी कशी आहे, हे आईनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि धाकट्याशी ती फार गोड वागायला लागली आहे. दूध आता गार नसतं. उशी टणक नसते. तो जवळ गेला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. "दमलास का रे? झोप होते ना नीट?" असं विचारते.

ते ऐकलं की तो काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जातो.

तिनं त्या दिवशी हॉलमधलं ऐकलं का? थोरल्यानं तिला सांगितलं का? मी त्याला म्हटलं, "एकदा विचारून टाक. सुटशील."

"आणि तिला माहीतच नसलं तर, ताई? मग मलाच सांगावं लागेल."

"आणि माहीत असलं तर?"

तो उठून आईची औषधं काढायला लागला.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. दुपारची जेवणं झाली. धाकटा उठला, आईच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसला. रोज तसाच बसतो म्हणे. मी काहीतरी सांगत होते...

माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला.

सगळ्या घरात फक्त आईचा आवाज. दाराआडून. ती बोलत होती, मधे थांबत होती, पुन्हा बोलत होती.

एकदा ती थांबली ती बराच वेळ थांबली. कुणाचं तरी मोठं बोलणं ऐकून घ्यावं तशी.

मग म्हणाली...

"तो? तो बाहेरच बसलाय."

धाकट्यानं मान वर केली. दाराकडं बघत राहिला.

आतून त्याला कुणी हाक मारली नाही.